चार लोकांत

मराठी घरात जन्माला आलेल्या प्रत्येक माणसाची चार लोकांशी जन्मभराची ओळख असते. हे चार लोक कोण, कुठे राहतात, करतात काय, हे कुणीच पाहिलेले नाही. पण 'चार लोक काय म्हणतील', 'चार लोकांत असे बोलू नये', 'चार लोकांत उठबस हवी', असे त्यांचे नाव दिवसातून एकदा तरी घरात निघतेच. वय वाढले की त्यांची आपली तडजोड होऊन जाते. ते त्यांच्या जागी, आपण आपल्या. पण चौदा-पंधराव्या वर्षी हे चौघे काही मुलांच्या डोक्यात बिऱ्हाड करायला येतात आणि भाडे न देता सगळी जागा अडवून बसतात.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा खरेखुरे चार लोकही तुमच्याकडे फराळाला येत असतील. चकली खुसखुशीत झाली की वातड, याची चर्चा होईल. अनारशाला जाळी पडली म्हणून वहिनींचे कौतुक होईल. आणि मग कुणीतरी विचारील, "अहो, तुमचा धाकटा कुठे दिसत नाही?"

"आहे ना, आत आहे. अभ्यास करतोय."

भाऊबिजेच्या दिवशी अभ्यास! विचारणारा कौतुकाने मान डोलावतो आणि दुसरा लाडू उचलतो. दाराआड तो मुलगा अभ्यास करीत नसतो. पाहुण्यांनी चपला पायांत सरकवल्याचा आवाज कधी येतो, याची तो वाट पाहत असतो. या खेपेचे सदर त्या दाराआडच्या मुलासाठी आहे, मुलीसाठी आहे, आणि बाहेर लाडू वाढणाऱ्या आईवडिलांसाठीही आहे.

आपल्या भाषेत या मुलासाठी शब्दांची वाण नाही. लाजाळू, बुजरा, भिडस्त, मुखदुर्बळ, घुमा, एकलकोंडा, माणूसघाणा. पण ही रास जरा निवडून पाहा. सगळे शब्द बाहेरून पाहणाऱ्याचे आहेत. आत काय चालले आहे ते त्यांतला एकही सांगत नाही. शेवटचा तर साफ खोटा आहे. माणूसघाण्याला माणसे नकोच असतात. तो आपल्या खुर्चीत सुखी असतो. या मुलाला माणसे हवी असतात, फार हवी असतात, आणि नेमकी ती समोर आली की त्याच्या जिभेला कुलूप लागते. आपण मात्र 'स्वभावाला औषध नाही' म्हणतो आणि विषय मिटवतो.

लाज वेगळी आणि हे वेगळे. लाजरे मूल पाहुण्यांपुढे थोडा वेळ आईचा पदर धरते आणि दहा मिनिटांनी पाहुण्यांच्याच मांडीवर जाऊन बसते. ही भीती दहा मिनिटांत जात नाही. ती आदल्या दिवशी सुरू होते आणि पाहुणे गेल्यावरही रात्री अंथरुणात चालू राहते: मी तसे का बोललो, त्या का हसल्या? अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या विकारांच्या यादीत तिची वेगळी नोंद केली. म्हणजे शास्त्राच्या वहीत नाव चढायलाही तिला बराच काळ लागला. नाव नव्हते तेव्हाही ती होतीच.

ती होती हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण १९७४ साली मी नववीत होतो आणि त्या दाराआडच होतो. गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली अगदी टोकाची. जिन्यापर्यंत जायचे तर अकरा दारे ओलांडावी लागत. चाळीतली दारे म्हणजे दिवसभर सताड उघडी. एका दारात तांदूळ निवडणे चालू, दुसऱ्यात वर्तमानपत्राचे वाचन, तिसऱ्यात नुसतेच येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहणे. आणि सगळी माणसे चांगली! अवघड होते ते इथेच. वाईट माणसे टाळता येतात. ही माणसे प्रेमाने विचारीत, "काय रे, कुठे निघालास?"

'वाण्याकडे' एवढे म्हटले की भागत होते. पण तो चार अक्षरांचा शब्द घशात जुळेपर्यंत छातीत धडधड सुरू होई, कान तापत, तळहात ओले होत, आणि बाहेर काहीतरी भलताच आवाज पडे. मग मी खोलीच्या आतून दाराला कान लावून गॅलरी शांत होण्याची वाट पाहू लागलो. दुपारी दोन ते तीन या वेळात सारी चाळ डुलकी काढते, असा शोध मला लागला. आईची सगळी कामे मी त्या तासासाठी राखून ठेवी. त्या तासात वाणीही दुकान बंद करून झोपलेला असे, ही गोष्ट निराळी.

वर्गात माझा हजेरीचा नंबर एकतीस. पंचविसावा नंबर पुकारला की माझे ऐकणे बंद होई आणि मोजणे सुरू होई. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. एकतीस आला की मी "हजर" म्हणे. पण ते इतके हळू की पुष्कळदा मास्तर वर न पाहताच गैरहजेरी मांडून पुढे जात. हात वर करून 'सर, मी आहे' म्हणणे माझ्या शक्तीबाहेरचे होते. त्या वर्षी प्रगतिपुस्तकावर माझे जे खाडे लागले, त्यांतले निम्मे मी तिसऱ्या बाकावर बसून घेतलेले आहेत.

घरी मात्र माझे कौतुक होते. आमच्या मध्यमवर्गात मुलगा वाईट होतो म्हणजे काय होतो, तर बाहेर जातो. नाक्यावर उभा राहतो, सिनेमाला जातो, नको त्यांची संगत धरतो. मी यांतले काहीच करीत नसे. "आमचा मुलगा घर सोडून कुठे जायचा नाही हो," असे आई चारचौघींत अभिमानाने सांगे. तिचा तरी काय दोष? चांगल्या मुलाची जी व्याख्या तिला मिळाली होती, तीत मी चपखल बसत होतो. या आजाराची सगळ्यांत मोठी अडचण हीच आहे. तो शहाण्या मुलाचे सोंग घेऊन घरात वावरतो.

आणि मग मन खाली बसत गेले. यात एक दिवस, एक प्रसंग असा दाखवता येत नाही. टाळलेली एकेक गोष्ट आयुष्यातून वजा होत जाते. आधी क्रिकेट गेले, कारण झेल सुटला तर सगळे पाहतात. मग शाळेचे गॅदरिंग गेले, मग मावसभावाची मुंज. शेवटी उरला मी आणि ती खोली. संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी घशाशी काहीतरी दाटून येई. पुस्तकाचे एकच पान अर्धा तास समोर असे. चित्रे काढायचा मला नाद होता. रंगांची पेटी कधी माळ्यावर गेली ते कळलेही नाही. आईने आवडीची पुरणपोळी केली तरी ती कापसासारखी लागे. "तुला काय कमी आहे रे?" असे वडील विचारीत. प्रश्न बरोबर होता. कमी काहीच नव्हते. पंधराव्या वर्षी विनाकारण उदास व्हायला आमच्या घरी परवानगी नव्हती, आणि कारण मला ठाऊक नव्हते.

१९७५ च्या श्रावणात चाळीच्या गणपतीची वर्गणी गोळा करायची वेळ आली. पाचव्या खोलीतले काका दरवर्षी ते काम करीत. आवाज खणखणीत, पण अक्षर असे की पावतीवर लिहिलेले नाव खुद्द त्या नावाच्या माणसाला लागत नसे. माझे अक्षर बरे आहे हे त्यांनी कुठेतरी पाहिले होते. ते आमच्या दारात आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, याला घेऊन जातो. बोलायचे मी बघतो, याने फक्त पावत्या लिहायच्या."

'बोलायचे मी बघतो' या तीन शब्दांवर मी गेलो. एरवी गेलो नसतो. ज्या अकरा दारांसमोरून मी मांजराच्या पावलांनी जात असे, त्या प्रत्येक दारात मी पावतीपुस्तक घेऊन उभा राहिलो. काका बोलत, घासाघीस करीत, हसत. मी खाली मान घालून लिहीत असे. नाव, खोली क्रमांक, रुपये दोन फक्त, खाली तारीख. कार्बन नीट बसला आहे ना, दोनाचे तीन तर झाले नाहीत ना, सारे लक्ष तिथे. तिसऱ्या मजल्यावर माझ्या एकदम ध्यानात आले, की अर्धा तास झाला, छाती धडधडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारची चाळ होती. तिथली नावे मला माहीत नव्हती, म्हणून विचारणे भाग पडले. "नाव काय लिहू?" एवढेच. हे मी पस्तीस वेळा विचारले. गणपती जवळ आला तेव्हा काका एका घरी मुद्दाम चहाला रेंगाळले आणि मला म्हणाले, "तू पुढच्या दोन खोल्या करून ये, मी आलोच." ते आलेच नाहीत, हे सांगायला नको. त्यांना मानसशास्त्रातले ओ का ठो कळत नव्हते; ते गोदीत कारकून होते. पण 'तू बोलत का नाहीस?' हा प्रश्न त्यांनी मला एकदाही विचारला नाही. मी लगेच बरा झालो असे नाही. पावसाळ्यानंतर भिंतीची ओल जाते तशी ती उदासी गेली: आधी वरची, मग हळूहळू खालची. आजही सभेत ओळख करून द्यायची पाळी आली की मी मनात नंबर मोजतो.

त्या पावतीपुस्तकाने काय केले, ते मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून उमगले. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या इंग्रज मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली या भीतीची घडण मांडून दाखवली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की असा माणूस चार लोकांत गेला की समोरच्याकडे पाहतच नाही. त्याची नजर आत वळते. माझा आवाज कापतोय का, कान लाल झाले का, हेच तो तपासत बसतो, आणि आत जे जाणवते तेच सगळ्यांना दिसते आहे असे धरून चालतो. मग बचावाच्या युक्त्या निघतात. कुणी पुटपुटत बोलतो, कुणी मान खाली घालतो, कुणी खिशातून फोन काढतो. प्रसंग निभावतो, पण तो युक्तीमुळे निभावला असेच मन शिकते, आणि भीती तशीच शाबूत राहते.

लोकांना खरोखर दिसते तरी किती? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच यांनी याचा एक गमतीदार प्रयोग केला. २००० साली तो प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचे चित्र असलेला सदरा घालायला लावायचे. तो सदरा घालायची त्या पोरांना लाज वाटे. मग इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत त्याला पाठवायचे. किती जणांचे लक्ष गेले असेल असे विचारले, तर त्यांचा अंदाज साधारण निम्म्यांचा. प्रत्यक्षात जेमतेम चौथ्या हिश्शाला तो सदरा आठवत होता. उरलेले आपापल्या सदऱ्याच्या काळजीत असावेत, असा आपला माझा तर्क.

नजर आतून बाहेर वळली की काय होते, याचे आपल्याकडचे मोठे उदाहरण गांधीजींचे आहे. शाळा सुटली की कुणाशी बोलावे लागू नये म्हणून ते धावत घरी जात, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. विलायतेत शाकाहाऱ्यांच्या सभेत लिहून आणलेले भाषण वाचायला उभे राहिले, तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पाय कापू लागले. ते दुसऱ्याने वाचून दाखवले. बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि प्रश्न सुचेना. खाली बसले, तीस रुपये फी परत केली. आणि हाच माणूस १८९३ साली प्रिटोरियात तिथल्या हिंदी लोकांची हलाखी पाहून त्यांच्या सभेत बोलायला उभा राहिला तो नीट बोलला. तिथे बोलणारा कसा दिसतो याला महत्त्व नव्हते. सांगायचे होते त्याला होते. माझे पावतीपुस्तक आणि प्रिटोरियाची सभा एका पंगतीला बसवतो आहे, याबद्दल वाचक मला क्षमा करतील.

दुसरा गृहस्थ अल्बर्ट एलिस. पुढे जगप्रसिद्ध मानसोपचारतज्ज्ञ झाला. त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती किशोर फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. हा एलिस एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायला कमालीचा घाबरे. १९३३ साली न्यूयॉर्कच्या वनस्पतिउद्यानात त्याने पण केला, की बाकावर एकटी बसलेली जी दिसेल तिच्याशी जाऊन बोलायचे. १३० जणींच्या शेजारी तो जाऊन बसला. तीस जणी उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणे झाले. त्यांतली एक पुन्हा भेटायला कबूल झाली, आणि तीही आली नाही! पण आकाश कोसळले नाही आणि एलिसची भीती मोडली. (आमच्या तरुण वाचकांनी हा प्रयोग जसाच्या तसा करू नये. राणीच्या बागेत तर मुळीच करू नये.)

आता आजची गोष्ट. माझ्या भाचीची मुलगी सोळा वर्षांची आहे, ठाण्याला असते. तिच्याबद्दल लिहू का, असे मी तिला विचारले. नाव नको आणि कॉलेजचेही नाव नको, या अटीवर तिने हो म्हटले. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत तिची शाळा पडद्यावर झाली, कॅमेरा बंद ठेवून. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा तिला वर्गात बसवेना. पुढे अकरावीत डबा खायला कँटीनमध्ये जाईना. जिन्याखाली उभी राहून खाई. घरी काही मागवले तर दाराबाहेर ठेवायला लिही, आणि आणणारा लिफ्टने खाली गेला की मगच दार उघडी. माझ्या काळी अकरा दारे तरी ओलांडावी लागत. आज एकही दार न उघडता जगता येते, हे सोयीचे आहे आणि फार वाईट आहे.

तिच्या वडिलांनी तिला व्यक्तिमत्त्व घडवणाऱ्या एका वर्गात घातले. तिथे पहिल्याच दिवशी तिला माइकपुढे उभे केले. पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलले की तो शिकतो, ही आपल्याकडची जुनी समजूत. ढकललेल्यांपैकी जे पुन्हा विहिरीकडे फिरकत नाहीत, त्यांची गणती कुणी ठेवत नाही. त्यानंतर ती दोन महिने कॉलेजात गेली नाही. दिवसा झोपे, रात्री जागी असे.

पुढे एका बाईंकडे, मानसशास्त्रज्ञ आहेत, ती जाऊ लागली. त्यांनी तिच्याकडून भीतीची शिडी लिहून घेतली. सगळ्यांत खालच्या पायरीवर रिक्षावाल्याला 'सुटे आहेत का?' विचारणे, वर कुठेतरी वर्गात शंका विचारणे, आणि टोकाला फोनवर बोलणे. प्रत्येक पायरीआधी वहीत लिहायचे: काय होईल असे वाटते? नंतर लिहायचे: काय झाले? 'दुकानदार खेकसेल' असे लिहून ती कंगव्याची किंमत विचारायला आणि न घेता परत यायला गेली. दुकानदाराने वर न पाहताच 'चाळीस' म्हटले. अशी पाने साठत गेली. उदासीसाठी त्यांनी सांगितले, की मनाची वाट पाहू नकोस; सकाळी सातला खाली उतरून दोन चकरा मार, मन तयार नसले तरी पाय तयार असतात. काही मुलांना औषधही लागते, ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात, आणि त्यात चष्मा लागण्याहून जास्त लाज नाही.

खरा गृहपाठ मात्र भाचीला मिळाला. पाहुण्यांनी मुलीला काही विचारले की उत्तर आई देत असे. कितवीत आहेस? "अकरावीत आहे हो." काय आवडते? "चित्रे काढते." बाईंनी सांगितले, प्रश्न तिला असला की तुम्ही मनात दहापर्यंत मोजायचे. भाची मला म्हणाली, "मामा, सहापर्यंत आले की माझाच जीव वरखाली होतो." पण आठाच्या आसपास मुलगी बोलते.

आपल्याच घरचे प्रकरण जगावेगळे आहे, असे अशा आईबापांना वाटते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलांत ७.३ टक्क्यांना कोणता ना कोणता मानसिक त्रास आढळला. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार जण. हे चार लोक मात्र खरे आहेत, आणि काय म्हणतील याची काळजी करायचीच तर यांची करावी.

एक गोष्ट विनोद बाजूला ठेवून सांगतो. उदासी दोन आठवड्यांहून अधिक राहिली, आवडीच्या गोष्टी सुटल्या, झोप-जेवण बिघडले, तर 'वयच तसे आहे' म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. मूल मरणाची भाषा बोलू लागले, स्वतःला इजा करू लागले, तर त्याला एकटे ठेवू नका. 'मरावेसे वाटते का?' असे शांतपणे, सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट आत कोंडलेले बोलायला वाट मिळते. सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, फुकट, आणि मराठीत बोलता येते. मुलाने स्वतः फोन केला तरी चालतो.

आणि हो, फराळाला माणसे आली की आतल्या मुलाला 'बाहेर ये, बोल जरा' म्हणू नका. त्याच्या हाती ताट द्या. कुणाला चिवडा हवा, कुणाला साखर चालत नाही, चहा किती कप, एवढे बघायला सांगा. दहा मिनिटांनी तो आत गेला तर जाऊ द्या, आणि पाहुण्यांसमोर 'बघा, आज बाहेर आला हो!' असे चुकूनही म्हणू नका.

ठाण्याची शिडी अजून पुरी झालेली नाही. टोकाची फोनची पायरी बाकी होती. मागच्या रविवारी माझा फोन वाजला. पलीकडे बराच वेळ काही नाही. मी कधीतरी शिकलेला धडा आठवून मोजू लागलो. नवावर आवाज आला, "आजोबा, मी बोलतेय. तुमच्याकडे जुने रंग आहेत म्हणाला होतात ना, ते वाळलेत का?" वाळले आहेत, मी म्हटले, पण पाणी घातले की चालतील. "मग ठेवून द्या माझ्यासाठी," ती म्हणाली आणि लगेच फोन ठेवला.